कोरी पट्टी

चौकशीच्या खोलीत दाराजवळची खुर्ची नेहमी उत्तरे देणाऱ्याची असे. उठून जावेसे वाटले तर त्याला कोणाला ओलांडून जावे लागू नये, हे त्यामागचे कारण. टेबलाच्या समोरासमोर न बसता दोघांनी एकाच कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसायचे. पाण्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवायची, संभाषण ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यायची आणि नंतर त्याची प्रत त्याला द्यायची. सोबत कोणी हवे असेल तर बसू द्यायचे. प्रश्न सगळ्यांना तेच, आणि त्याच क्रमाने. यातले बरेचसे कंपनीच्या नियमावलीत होते. खुर्चीचा नियम मात्र तपासनिसाने स्वतः घातला होता, आणि आणखी एक.

तो दुसरा नियम कोऱ्या मुलाखतीचा. सुरक्षा विभागात येण्यापूर्वी तपासनीस याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनांचे पृथक्करण करीत असे. तिथे कोणताही नमुना तपासण्याआधी एक कोरी चाचणी करतात. भांडी तीच, द्रावणे तीच, कृती तीच, फक्त नमुना घालायचा नाही. यंत्राने शून्य दाखवले पाहिजे. दाखवले नाही, तर दोष भांड्यांत किंवा द्रावणांत आहे आणि त्या दिवसाचे सगळे निष्कर्ष टाकून द्यायचे. माणसांच्या चौकशीत प्रश्न हेच भांडे, असे तिचे म्हणणे. म्हणून प्रत्येक प्रकरणात ती एका अशा व्यक्तीची मुलाखत घेई, जिला त्यातले काही ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्या व्यक्तीने ‘मला काही माहीत नाही’ एवढेच सांगितले, की प्रश्न स्वच्छ. कारखान्यात या पद्धतीची मनसोक्त थट्टा चाले. कोणाला बोलावणे आले की शेजारचा विचारी, “काय रे, संशयित की कोरा?”

कारखान्यात साबण, क्रीम आणि कपडे धुण्याची द्रावणे यांच्यासाठी सुगंध तयार होत. एका मोठ्या गिऱ्हाईकाच्या नव्या साबणासाठीचा सुगंध मुख्य कार्यालयात रचला गेला होता. त्याची कृती तिथेच कुलपात होती, आणि पडताळणीसाठी एक मोहोरबंद बाटली इथे आली होती. ती थंड खोलीत ठेवली गेली आणि पडताळणीच्या दिवशी जागेवर सापडली नाही. साबण बाजारात येईपर्यंत त्याचा वास इमारतीबाहेर जाता कामा नये, असा करार होता. गिऱ्हाईकाला एक नाव हवे होते, आणि व्यवस्थापकांना गिऱ्हाईक. थंड खोलीची किल्ली हाताळणारी मोजकी माणसे एकेक करून दाराजवळच्या खुर्चीत बसायची होती. त्यांत नाकवाली होती.

नाकवाली हे तिला कारखान्याने दिलेले नाव. गंधपरीक्षण विभागाची ती प्रमुख. कागदाच्या अरुंद पट्टीचे टोक द्रवात बुडवायचे, ती नाकासमोरून अलगद फिरवायची आणि त्यात काय काय आहे ते सांगायचे, हे तिचे काम. साबणाचा वास मध्ये येऊ नये म्हणून ती आपला कोट नुसत्या पाण्यात धुई. त्यामुळे तो कालांतराने राखाडी झाला होता, आणि पांढऱ्या कोटांच्या त्या इमारतीत ती लांबून ओळखू येई.

तिच्याआधी त्या पदावर तपासनिसाचे वडील होते. त्यांनीच तिला घडवले होते.

चौकशी करणाऱ्याने नात्यातल्या माणसाची चौकशी करू नये, असा नियम होता. कोणकोणती नाती, तेही त्यात दिले होते. वडिलांची शिष्या हे नाते त्यांत नव्हते. तपासनिसाने ते कलम काढून पुन्हा एकदा वाचले आणि समाधानाने नियमावली मिटली. ज्या कलमाबद्दल शंका नसते ते कोणी पुन्हा काढून वाचत नाही, हे तिला त्या वेळी सुचले नाही.

लहानपणी वडील तिच्यासमोर पट्ट्या धरीत. काय येतं, असे विचारीत. ती खरे बोलणारी मुलगी होती. बहुतेक वेळा तिला काहीच येत नसे, आणि ती तसे सांगे. वडील रागावत नसत. घरी आलेल्या पाहुण्यांना ते हसत हसत सांगत, की आमच्या मुलीला मेंदू आहे, पण नाक नाही. पाहुणेही हसत. पुढे ती यंत्राने वास मोजायला शिकली. वडिलांना दहा घटक कळत तिथे तिचे यंत्र शंभर दाखवी. वडील ते आलेख कौतुकाने पाहत, आणि नंतर डोळे मिटून स्वतःच्या पट्टीकडे वळत.

आता आई नव्हती, वडील निवृत्त होऊन तिच्याकडे राहत होते, आणि दर रविवारी दुपारी नाकवाली त्यांना भेटायला येई. येताना कापडी पिशवीत पट्ट्यांचे पाकीट आणी. वडील त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालीत. मुलीला ते तिच्या पूर्ण नावाने हाक मारीत; शिष्येला ‘बाळ’ म्हणत. ती तासभर बसे. एकेक पट्टी पुढे करून तिचे नाव सांगे, आणि वडील बोलू लागत. तपासनीस स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ऐके. वडिलांचे एक हसू होते, घशातून सुरू होऊन खांद्यांपर्यंत जाणारे, ते फक्त रविवारी ऐकू येई. आठवडाभर औषधे, डॉक्टर, पथ्य, चादरी हे सगळे तिच्याकडे होते. एकदा वडील शिष्येसमोर तिची स्तुती करायला गेले आणि म्हणाले, “ही औषधाची वेळ कधी चुकवत नाही हो.” त्या वाक्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. ते तिला कित्येक दिवस टोचत राहिले.

बाटली नाहीशी झाली त्या दिवसाचे थंड खोलीबाहेरचे चित्रण तिने पाहिले. बोळातला कॅमेरा जुना होता आणि चित्र रंगहीन. संध्याकाळच्या अंधुक उजेडात एक आकृती हातात काहीतरी धरून कॅमेऱ्याच्या कडेने गेली. चेहरा दिसत नव्हता. कोट राखाडी दिसत होता. तपासनिसाने चित्र थांबवले. छातीत काहीतरी हलके झाल्यासारखे तिला वाटले, आणि तिने त्याला व्यावसायिक समाधान असे नाव दिले. प्रश्नांच्या मसुद्यात तिने एका प्रश्नाची भर घातली: ‘त्या संध्याकाळी थंड खोलीच्या परिसरात राखाडी कोटातली व्यक्ती आपल्याला दिसली का?’ हा प्रश्न पुराव्यावर आधारलेला होता. तो सगळ्यांना विचारला जाणार होता. म्हणजे तो न्याय्य होता.

भांडारपालाने प्रथम आठवत नाही असे सांगितले, मग थोडा विचार केला आणि दिसल्यासारखे वाटते म्हणाला. गंधपरीक्षण विभागातल्या दोघी साहाय्यिकांपैकी एकीने मान खाली घातली आणि बाई अलीकडे उशिरापर्यंत थांबतात असे सांगितले. दुसरीला राखाडी कोट स्पष्ट आठवत होता. गुणवत्ता अधिकारी अधिक सावध होता, पण आपण कोणावर आरोप करीत नाही असे तीनदा बजावून त्यानेही तेच सांगितले. थंड यंत्रांची देखभाल करणारा मेकॅनिक हात पुसत आला होता आणि त्याला परत जाण्याची घाई होती. त्यानेही शेवटी होकार दिला. पाचही जबाब एकमेकांशी इतके जुळत होते, की तपासनिसाला रात्री शांत झोप लागली. प्रयोगशाळेत आकडे इतके जुळले असते, तर तिने यंत्र उघडून पाहिले असते.

मग नाकवाली आली. सोबत कोणी नको म्हणाली, परवानगी दिली, पाणी घेतले नाही. पहिल्या प्रश्नांची तिची उत्तरे छोटी आणि सरळ होती. बाटली आल्याचे तिला ठाऊक होते, तिने ती उघडली नव्हती, त्या संध्याकाळी ती आपल्या खोलीत काम करीत होती आणि तिथे दुसरे कोणी नव्हते. राखाडी कोटाचा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली:

“या इमारतीत राखाडी कोट एकच आहे. तो मी आत्ता घातलाय.”

“प्रश्न सगळ्यांना हाच आहे,” तपासनीस म्हणाली.

“म्हणूनच विचारते. सगळ्यांना हाच का?”

उत्तरे द्यायची खुर्ची तपासनिसाची नव्हती. तिने मसुद्यात नसलेला एक प्रश्न विचारला. रविवारी कापडी पिशवीतून काय बाहेर जाते?

“पट्ट्या.”

“कशात बुडवलेल्या?”

नाकवालीने ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राकडे पाहिले. “इथल्या कपाटातलं काही नाही.”

“मग सांगायला हरकत काय?”

“हे तुम्ही मॅडम म्हणून विचारताय की त्यांची मुलगी म्हणून?”

“मॅडम म्हणून.”

“मग लिहून घ्या, उत्तर दिलं नाही.” ती उठली. दार जवळच होते. दाराची मूठ धरून ती कारखान्यात कधी न वापरलेल्या नावाने बोलली. “ताई, मुलगी म्हणून विचारायचं असेल तर ते यंत्र बंद करा.”

तपासनिसाने यंत्र बंद केले नाही. पाठमोरा राखाडी कोट बोळाच्या टोकाला वळेपर्यंत ती पाहत राहिली.

त्या रविवारी नाकवाली आली नाही. सर्दी झाल्याचे तिने फोनवर सांगितले. वडिलांना ते पटले. सर्दीत ती कुठे जात नाही, नाक जपते पोर, असे म्हणून ते सदऱ्याची बटणे काढू लागले. दुपार त्यांनी खिडकीशी बसून काढली. तपासनीस त्यांच्यासमोर येऊन बसली, वर्तमानपत्रातली एक बातमी तिने वाचून दाखवली. वडिलांनी ती नीट ऐकली आणि म्हणाले, “तुला काम असेल ना गं? माझ्यासाठी थांबू नको.”

ते झोपल्यावर तिने त्यांच्या टेबलाचा खण उघडला. जुन्या पट्ट्या ते एका चपट्या डब्यात उभ्या लावून ठेवीत. प्रत्येकीच्या कोरड्या टोकावर नाकवालीच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने नाव लिहिलेले असे. गेल्या रविवारची सर्वांत पुढे होती. तीवर ‘चंदन’ लिहिले होते. तपासनिसाने ती उचलून नाकाशी धरली. तिला काही आले नाही. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हते. चंदन म्हणून आणलेली पट्टी प्रत्यक्षात त्या हरवलेल्या बाटलीतली असेल, तर साबणाचा पुढच्या वर्षीचा सुगंध या खोलीत, या दोघांच्या मध्ये, डोळे मिटून वाटून घेतला गेला होता. तिने पट्टी पाकिटात घातली. हे पाकीट नेताना तिच्या मनात गिऱ्हाईकाचा विचार अजिबात नव्हता.

सोमवारी सकाळी ती जुन्या प्रयोगशाळेत गेली. तिथला क्रोमॅटोग्राफ अजून तिचा हात ओळखत असे. हे यंत्र मिश्रणातला प्रत्येक घटक सुटा करून त्याचे एकेक टोकदार शिखर पडद्यावर उमटवते. सुगंध उडून जातो खरा, पण चंदनासारखी जड द्रव्ये कागदाला आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात. तिने पट्टीचे टोक कापले, द्रावणात भिजवले, द्रावण यंत्रात सोडले. शेजारी सवयीने एका स्वच्छ पट्टीचीही तशीच चाचणी लावली.

दोन रेघा एकामागून एक आल्या. दोन्ही सपाट होत्या. तिने एकीवर दुसरी ठेवून पाहिली; त्या एकच रेघ असाव्यात तशा जुळल्या.

हरवलेल्या बाटलीतले काही तिच्यावर नव्हते. चंदनही नव्हते. पट्टी कशातच बुडवलेली नव्हती.

आपली काही चूक झाली असेल म्हणून तिने सगळे पुन्हा केले आणि तेच उत्तर आल्यावर स्टुलावर बसून राहिली. गेल्या रविवारी हीच पट्टी नाकाशी धरून वडील बोलले होते, ते तिला शब्दशः आठवत होते. जुन्या पेटीचे झाकण उघडावे तसे, म्हणाले होते. आधी लाकूड, मग सायीसारखे काहीतरी, आणि अगदी तळाशी थोडीशी राख. नाकवाली म्हणाली होती, “राख माझ्या ध्यानात आली नव्हती, सर.” मग ते खांदे हलवणारे हसू.

तिला आणखी एक गोष्ट आठवली. हिवाळ्यात एकदा गॅसवरचे दूध करपून घरभर धूर झाला होता, आणि वडील शेजारच्या खोलीत शांतपणे वाचत बसले होते. वाचनात गुंग होते, असा निष्कर्ष तिने तेव्हा काढला होता. पुरावा तिच्या स्वयंपाकघरात होता, आणि तो वाचला मात्र आठवड्यातून तासभर येणाऱ्या बाईने. वडिलांना आता कशाचाच वास येत नव्हता. नाकवालीने कोणत्या तरी रविवारी ते ओळखले असणार, आणि पट्ट्या बुडवणे सोडून दिले असणार. ती नाव सांगे. उरलेले वडिलांच्या आठवणीत होते.

तपासनिसाला वडिलांची दया यायला हवी होती. तीही आली, पण मागाहून. आधी आला तो मत्सर, आणि पूर्वीपेक्षा तीव्र. त्या दोघांमध्ये एखादा वास असता तर तिला तो निदान यंत्राने मोजता आला असता. त्यांच्यामध्ये काहीच नव्हते, आणि तरी तिथे तिला जागा नव्हती.

व्यवस्थापकांनी दुपारी निरोप पाठवला. अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता; नाकवालीच्या निलंबनाचे पत्र तयार होते, फक्त अहवालाची वाट होती. पट्टी कोरी निघाली म्हणून पाच जबाब खोटे ठरत नव्हते. राहिली होती ती एक कोरी मुलाखत. नियमावलीत तिची सक्ती नव्हती, आणि ती गाळली असती तर कोणी विचारले नसते. तपासनिसाने थोडा वेळ हाही विचार केला. मग हिशेब विभागाच्या प्रमुखांना बोलावले.

त्यांना सगळे रेडिओ म्हणत, आणि ते का, हे त्यांच्यापाशी उभे राहिल्यावर लगेच कळे. बाटली हरवली तो संपूर्ण आठवडा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी ते इस्पितळात पडून होते. यापेक्षा कोरा माणूस मिळणे कठीण होते. ते खुर्चीत ऐसपैस बसले, परवानगी उत्साहाने दिली आणि शस्त्रक्रियेचे वर्णन सुरू केले. तिने ते संपू दिले. मग ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले. राखाडी कोटाच्या प्रश्नाला रेडिओ पुढे झुकले.

“दिसली ना. थंड खोलीपाशीच. मला तेव्हाच वाटलं होतं.”

“कधी दिसली?”

“आता वार विचाराल तर... त्याच आठवड्यात.”

“त्या आठवड्यात तुम्ही इस्पितळात होता.”

रेडिओ किंचित थबकले. “हो की. मग आदल्या आठवड्यात असेल. पण मॅडम, बाई अस्वस्थ होती हे नक्की. चेहऱ्यावर दिसतं हो.”

“मी बाईबद्दल काही विचारलं नव्हतं.”

“अहो, आता राखाडी कोट म्हणता तुम्हीच,” रेडिओ समजुतीच्या सुरात म्हणाले, “आणि मग बाई कोण ते मला विचारता. आम्ही काय, तुमच्या तोंडाकडे बघून बोलतो.”

ते गेल्यावर तिने पाचही मुलाखती कानाला लावून पहिल्यापासून ऐकल्या. प्रश्न अक्षरशः सारखे होते. पण भांडारपालाने ‘आठवत नाही’ म्हटल्यावर ती गप्प राहिली होती, आणि ‘दिसल्यासारखं वाटतं’ म्हटल्यावर ‘अच्छा’ म्हणाली होती. प्रत्येक मुलाखतीत ते ‘अच्छा’ त्याच एका उत्तरानंतर येत होते, उबदार आणि हलके, एखाद्या मुलाला शाबासकी द्यावी तसे. मेकॅनिकच्या मुलाखतीत त्याने सुरुवातीलाच सांगायला घेतले होते, “त्या दिवशी कसं झालं, दुपारी यंत्र बंद पडलं आणि फळीवर बर्फ...” आणि तिचा आवाज मध्ये आला होता: “ते आपण नंतर बघू. राखाडी कोटातलं कोणी दिसलं का?” नंतर कधी बघितलेच नव्हते.

संध्याकाळी दिवे अंधुक झाल्यावर तिने स्वतः एक धुतलेला पांढरा कोट घातला आणि थंड खोलीबाहेरच्या बोळातून चालत गेली. मग पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन चित्रण पाहिले. पडद्यावर राखाडी कोटातली एक बाई कॅमेऱ्याच्या कडेने जात होती. हा प्रयोग तिने पहिल्या दिवशी केला असता, तर तो काही मिनिटांत आटोपला असता.

व्यवस्थापक घरी निघण्याच्या तयारीत होते. अहवाल आणला का, असे त्यांनी विचारले. तिने आणला नव्हता.

“पाच जण एकच गोष्ट सांगतात,” ते म्हणाले. “आणखी काय हवंय तुम्हाला?”

“पाच जणांनी नाही सांगितलं, साहेब. मी पाच वेळा सांगितलं.”

तिने क्रमाने सगळे मांडले: कॅमेरा, प्रश्न, रेडिओ, ते ‘अच्छा’. व्यवस्थापकांना त्यातले निम्मे पटले आणि राहिलेल्याचा कंटाळा आला. गिऱ्हाईकाला काय सांगायचे, हा त्यांचा प्रश्न होता. तिने सांगितले की तिच्या मुलाखती रद्द धरून दुसऱ्या शाखेतला अधिकारी बोलवावा, आणि पट्टीच्या तपासणीसाठी कंपनीचे यंत्र तिने खाजगी कारणासाठी वापरले याचीही नोंद घ्यावी. पट्टीवर काय निघाले ते विचारल्यावर, प्रकरणाशी संबंध असलेले काही नाही, एवढेच ती बोलली.

“आणि गंधपरीक्षणाच्या बाईंशी माझं नातं आहे. ते मी आधी सांगायला हवं होतं.”

“तुमची कोण लागते ती?”

तिने विचार केला. मराठीत नात्यांना एवढी नावे आहेत, आत्या, मावशी, जाऊ, नणंद, विहीण. या नात्याला मात्र एकही नव्हते. “ते काही यादीत नाही,” ती म्हणाली. व्यवस्थापकांनी निलंबनाचे पत्र खणात टाकले. या सगळ्याचा शेरा तिच्या सेवापुस्तकात जाईल, असे त्यांनी सांगितले. जायलाच हवा, असे तिचेही मत होते.

दुसऱ्या शाखेचे अधिकारी वयस्क होते आणि सतत पेंगुळलेले दिसत. मेकॅनिकला त्यांनी एकच सांगितले, की त्या दिवशी सकाळपासून काय काय झाले ते तुमच्या पद्धतीने सांगा. आणि मग ते इतके गप्प बसले की मेकॅनिकला वाटले त्यांना झोप लागली. यंत्र बंद पडून एका फळीवर बर्फ धरला होता. तो फोडण्यासाठी मेकॅनिकने फळीवरच्या बाटल्या एका खोक्यात भरून भांडाराच्या जुन्या शीतपेटीत हलवल्या, आणि जाता जाता एका साहाय्यिकेला ते ओरडून सांगितले. यंत्रांच्या घरघरीत तिला ते ऐकू गेले नव्हते. खोके अजून तिथेच होते. बाटलीची मोहोर शाबूत होती. चित्रणातली आकृती मेकॅनिकचीच निघाली. त्याचा कोट पांढरा होता, नाही म्हणायला थोडासा मळलेला.

तपासनिसाकडून चौकशीचे काम तूर्त काढून घेण्यात आले. नाकवालीला कोणी काही बोलले नाही. तिची चौकशी झाली, तशी इतरांचीही झाली होती. बोळात भेटल्यावर ती पूर्वीसारखीच मान हलवी, आणि त्यात क्षमा होती की नुसता शिष्टाचार, हे ठरवायला तपासनिसापाशी पुरेसा पुरावा नव्हता.

रविवारी वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला. कापडी पिशवी आली. नाकवालीने पट्ट्यांचा डबा पुढे ओढला, सवयीने बोट फिरवले आणि एका पट्टीपाशी ते थांबले. तीवर ‘चंदन’ लिहिले होते, पण अक्षर तिचे नव्हते. कापलेल्या पट्टीच्या जागी तपासनिसाने दुसरी पट्टी ठेवून दिली होती. वासात फरक पडण्याचे कारण नव्हते. अक्षराचा विचार तिने केला होता, आणि मुद्दाम आपल्याच वळणात लिहिले होते.

नाकवालीने मान वर केली. तपासनीस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोघींपैकी कोणी नजर हलवली नाही. वडील चष्मा पुसत होते.

“तिथं का उभी?” त्यांनी चष्मा लावत विचारले. “ये, आज तूही बस.” त्यांनी नव्या पाकिटातली एक पट्टी स्वतः काढून तिच्यापुढे धरली, ती शाळेत असताना धरीत तशी, दोन बोटांत, टोक किंचित वर. “बघ. काय येतं?”

नाकवालीचा हात पिशवीवर थांबला होता.

तपासनीस खाली वाकली. तिने पट्टी नाकासमोरून अलगद फिरवली, जशी फिरवायची असते तशी, आणि डोळे मिटले. तिने आयुष्यात कधी खोटे मापन दिले नव्हते.

“काहीच नाही, बाबा.”

वडिलांचे हसू घशातून निघाले आणि खांद्यांपर्यंत गेले. “बघितलंस, बाळ?” ते शिष्येला म्हणाले. “पन्नाशी आली, पण हिला नाक नाही ते नाहीच.”

नाकवाली हसली नाही. “ताई, बसा ना,” एवढेच म्हणाली आणि स्वतः सरकून जागा केली. तपासनीस बसली. वडिलांनी पट्टी आपल्या नाकाशी नेली, शिष्येने तिचे नाव सांगितले, आणि ते सांगू लागले, पाऊलवाटेच्या कडेचे ओले गवत, त्यात कुठेतरी लोखंड. तपासनीस लक्ष देऊन ऐकत होती. ‘बाळ’ हा शब्द आला की आत जिथे टोचत असे, तिथे आजही टोचले. तिने तपासून पाहिले.